कड्यावरची अर्धी गाठ

मित्रांनो, इकडे बघा, इकडे! दारामागच्या खुंटीवर. तुम्ही चपला जिथे कशाही भिरकावता ना, त्याच्या बरोबर वर. मी एक जुना दोर आहे. दोरी नव्हे हं! दोरीवर कपडे वाळत घालतात. माझ्यावर माणसं लटकली आहेत, तीही समुद्राच्या वर, आणि त्यातलं एकही माणूस मी सोडलेलं नाही. तुम्हाला ही फुशारकी वाटेल. वाटू दे. म्हातारपणी एवढी मुभा असतेच.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. शेकडो रिळं एकमेकांभोवती फेर धरून गरगर फिरत होती आणि त्यांच्या मधोमध मी विणला जात होतो. आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा, वरून निळ्या-नारिंगी धाग्यांची घट्ट वीण. शेवटच्या टेबलाशी एक चष्मेवाल्या बाई बसत. त्यांनी मला टोकापासून टोकापर्यंत बोटांमधून सरकवलं. त्या वेळी त्या डोळे मिटून घेत. कुठे धागा सुटलाय का, कुठे गाभा मऊ पडलाय का, ते त्यांना बोटांनीच समजायचं. माझ्यात काही खोट निघाली नाही. बाईंनी मला थोपटलं आणि "जा बाबा, नीट सांभाळ सगळ्यांना" असं म्हणून खोक्यात घातलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दुकानात मला दोघी बहिणी बघायला आल्या. ताई लिफ्ट दुरुस्त करणारी. दिवसभर उंच इमारतींच्या अंधाऱ्या बोळकांड्यांत तारा आणि कप्प्या तपासायची, म्हणून तिच्या बोटांना कायम काळ्या वंगणाचा वास. धाकटीला सगळे छोटी म्हणत, पण ती ताईपेक्षा चांगली वीतभर उंच होती. ती बेकरीत भट्टीवर काम करायची आणि दिवसभर बडबडायची.

"ताई, तो गुलाबी घेऊ ना!" छोटी म्हणाली.

"दोर काय रंग बघून घेतात का गं?"

"मग काय बघून घेतात?"

"आपण दोघी याला लटकून राहणार आहोत, हे बघून घेतात," ताई म्हणाली आणि तिने मला उचललं. तिथून मी त्या दोघींचा झालो.

आता माझं काम तुम्हाला सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट समजायची नाही. पुढे चढणारी माझं एक टोक स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला बांधते. कड्यात जागोजागी बोल्ट ठोकलेले असतात. वर जाता जाता ती मला कडीने एकेका बोल्टात अडकवत जाते. खाली उभी असलेली दुसरी मला हळूहळू सोडत राहते. चढणारी पडलीच, तर खालची मला घट्ट धरते आणि मी तिला तोलतो. एक टोक हिच्याकडे, दुसरं तिच्याकडे आणि मधे मी.

आणि ती गाठ! तिला आठाची गाठ म्हणतात. आधी माझ्या अंगावर इंग्रजी आठासारखा आकडा करायचा. मग माझं शेपूट हार्नेसच्या फटीतून ओवायचं आणि त्याच आकड्यावरून, आल्या वाटेने, परत फिरवून आणायचं. परत फिरवलं की गाठ पक्की. नाही फिरवलं, तर ती गाठ नुसती दिसायला गाठ.

म्हणून या दोघींचा एक रिवाज होता. जमीन सोडण्याआधी छोटी म्हणायची, "दाखव." मग ताई गाठ उचलून दाखवायची आणि छोटी ती तीनदा ओढून बघायची. छोटीच्या पाळीला ताई म्हणायची, "दाखव." कितीही घाई असो, कितीही ऊन असो. एकदा तर दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं, तरी ताई तोंड फिरवून "दाखव" म्हणाली आणि छोटीने नाक फुगवून दाखवलं. मला हसू आवरेना.

काही वर्षं फार मजेत गेली. मग एके दिवशी गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत ताईचा पाय सटकला. ती पडली. मी तिला धरलं हो! मी ताणलो, झटका पोटात घेतला, जे करायचं ते सगळं केलं. पण वाटेत खडकाचा एक कंगोरा बाहेर आला होता आणि तिचा डावा पाय त्याच्यावर आपटला. घोटा मोडला. ती ओरडली, तो आवाज अजून माझ्या धाग्यांत आहे.

पाय बरा झाला. डॉक्टरांनी, "आता पळा, उड्या मारा" असं सांगून टाकलं. पण ताई पुढे होऊन चढेना. छोटी पुढे जायची, वरून मला खाली सोडायची आणि मग ताई वरून धरलेल्या दोरावर चढायची. तसं चढताना पडायची भीती जवळजवळ नसतेच. तरीसुद्धा डाव्या पायावर भार द्यायची वेळ आली की ती थांबायची, इकडेतिकडे बघायची आणि दुसरीच वाट शोधायची.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरात चहा पिताना ताई म्हणाली, "आपण त्या बेटांवर जातोय ना, तिथे मला एकदा तरी पुढे होऊन चढायचंय. जमलं तर जमलं. नाही जमलं तर माझा हार्नेस, बूट, सगळं कुणाला तरी देऊन टाकते आणि मोकळी होते. तुझ्या मागे मागे फरफटत यायचा कंटाळा आलाय मला."

"ताई, असं काय बोलतेस गं?"

"खरं तेच बोलते."

मी टेबलाखालच्या पिशवीत होतो. ताईशिवाय चढाई? ही कल्पनाच मला करवेना.

तर मित्रांनो, आम्ही निघालो. आधी विमान, मग मोठी बोट, मग छोटी होडी. काय ती बेटं! निळ्या-हिरव्या पाण्यातून चुनखडीचे कडे सरळ उभे राहिलेले, डोक्यावर हिरवी झाडी, आणि पायथा लाटांनी असा खाल्लेला की कडा पाण्यावर तरंगतोय असं वाटावं. वरून ठिबकत्या चुनखडीचे लांबलांब दगडी खांब लोंबत होते. मी एवढं काही जन्मात पाहिलं नव्हतं.

पण खरं सांगू? वाळूने माझ्या नाकी नऊ आणले. वाळूचे कण विणीत शिरतात आणि आतून धागे कुरतडतात. आणि मीठ! खाऱ्या वाऱ्याने अंग कसं कडक कडक व्हायचं. बिचारी छोटी रोज संध्याकाळी मला बादलीत गोड्या पाण्याने धुवायची आणि खोलीत पंख्याखाली पसरून ठेवायची. वळणं घेत घेत मी दोन्ही पलंगांवर, खुर्चीवर आणि दाराच्या मुठीवर असायचो. त्यांना झोपायला जागा उरायची नाही, पण कुणी कुरकुर केली नाही.

पहिल्या बेटावर ताई पुढे चढायला निघाली आणि दुसऱ्या बोल्टावरून परत आली. "ऊन फार आहे," म्हणाली. दुसऱ्या बेटावर तिने गाठ बांधली आणि सोडून टाकली. आणि छोटी! ती ताईभोवती सारखी घिरट्या घालत होती. "ताई, पाय दुखतोय का? ताई, पाणी पी. ताई, गाठ परत एकदा दाखव. ताई, नको वाटत असेल तर मी जाऊ का?"

शेवटी ताईचा भडका उडाला. "अगं, मी काय काचेची आहे का? तू अशी टक लावून बघतेस ना, की मलाच वाटायला लागतं मी आता पडणार म्हणून! तपासणं बंद कर माझं."

छोटीचा चेहरा पडला. त्या संध्याकाळी मला बादलीत बुचकळताना ती स्वतःशीच पुटपुटत होती, "उद्या मी एक शब्द बोलणार नाही. तिला वाटू दे की माझा विश्वास आहे तिच्यावर. एक शब्द नाही!" मला तेव्हाच बरं वाटलं नाही. पण मी पडलो दोर. मला विचारतंय कोण?

दुसऱ्या दिवशी शेवटचं बेट. तिथला कडा थेट समुद्रातून उठलेला. पायथ्याशी जेमतेम दोघी उभ्या राहतील एवढा खडकाचा ओटा, तोही फक्त ओहोटीत दिसणारा. होडीवाले काका म्हणाले, "भरती लागलीय हं. थोड्या वेळात हा ओटा पाण्याखाली जाईल. आणि वरून पाण्यात उड्याबिड्या मारू नका. हिरवंगार दिसतंय ते फसवं आहे. खाली सगळे सुळके आहेत."

"मी जाते पुढे," ताई म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच मोठा होता.

छोटीने नुसती मान हलवली.

ताईने माझ्यावर आठाचा आकडा केला. माझं शेपूट हार्नेसच्या फटीतून ओवलं. आता ते परत फिरवायचं. इतक्यात एक लाट आली, होडी ओट्यावर धाडकन आदळली आणि काका ओरडले, "ताई, पिशवी! पिशवी चालली तुमची!"

ताईने मला तसंच सोडलं आणि वाकून पिशवी पकडली. पाणी निथळवलं, पिशवी काकांकडे फेकली. ओले हात सदऱ्याला पुसले आणि तो सैल सदरा ओघळून गाठीवर आला. पकड घसरू नये म्हणून तिने हातांना पांढरी पूड चोळली आणि कड्याकडे तोंड केलं.

"निघते," ती म्हणाली.

छोटीचे ओठ हलले. "दाखव" हा शब्द अगदी ओठांवर आला होता, मी पाहिला. तिने तो गिळला आणि म्हणाली, "नीघ."

मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला! मी अर्धा होतो. नुसता ओवलेला. मला तोंड असतं तर बेटावरचे सगळे पक्षी उडतील एवढ्याने ओरडलो असतो. "थांब गं बाई! परत फिरव मला!" पण कसलं काय. ताई चढायला लागली.

आणि काय सुरेख चढत होती! पहिला बोल्ट, कडीत मला अडकवलं, खट्. दुसरा बोल्ट, खट्. डावा पाय जपून टाकत होती, पण थांबत नव्हती. खालून छोटीच्या तोंडावर हसू फुटलेलं मला दिसत होतं. आणि मी इकडे घामाघूम. कारण प्रत्येक वेळी ताईने मला वर ओढलं की खालच्या वजनाने मी जरासा मागे सरकायचो आणि माझं शेपूट फटीतून दोन बोटं बाहेर यायचं. आधी हातभर होतं. मग वीतभर राहिलं.

कडा वरती बाहेर झुकला होता. तिथे एक जाडजूड दगडी खांब लोंबत होता. ताईने त्याला मिठी मारली आणि पूड घ्यायला हात कमरेमागच्या थैलीकडे नेला. तेव्हा सदरा वर सरकला आणि तिची नजर खाली गेली.

तिला मी दिसलो. चार बोटं शेपूट आणि एक रिकामा आकडा.

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. खाली समुद्र, समुद्रात सुळके. खालचा बोल्ट पायाखाली राहिलेला, वरचा हाताच्या टप्प्यात नाही. आता खाण आठवेल, आता हात सुटतील, असं मला वाटलं.

"छोटे," ती अगदी हळू म्हणाली, पण आवाज खाली पोचला. "दोर ओढू नकोस. अजिबात ओढू नकोस. ढिला दे."

"काय झालं?"

"गाठ अर्धी आहे माझी. गप्प उभी राहा."

छोटीने मला सोडलं आणि मी ढिला झालो, अगदी अलगद, पाळण्यातल्या बाळाला सोडावं तसा.

गाठ बांधायला दोन्ही हात हवेत. आणि दोन्ही हात मोकळे करायचे तर त्या खांबामागे गुडघा घट्ट अडकवायचा आणि पंजा समोरच्या भिंतीवर दाबून धरायचा. खांब डावीकडे होता. म्हणजे डावा गुडघा. म्हणजे तो मोडलेला घोटा.

ताईने त्या पायाकडे पाहिलं. "चल रे," ती म्हणाली, "आता तूच आहेस."

तिने गुडघा अडकवला, पंजा दाबला आणि एक हात सोडला. पाय थरथरला. मीही थरथरलो. मग तिने दुसरा हात सोडला. पाय थरथरायचा थांबला! अख्खी ताई त्या एका पायावर समुद्राच्या वर लटकली होती आणि तो पाय खडकाइतका पक्का होता.

तिच्या त्या वंगणाच्या वासाच्या बोटांनी मला आधी जवळ ओढून घेतलं, शेपूट लांब केलं, आणि मग परत फिरवलं. आकड्यात शिरलो, वळलो, शेजारून सरकलो, बाहेर आलो. घाई नाही, गडबड नाही. लिफ्टच्या बोळकांड्यात करावं तितक्या शांतपणे तिने माझे पदर एकमेकांशेजारी नीट बसवले आणि आवळले. आणि मी पूर्ण झालो!

मग ताई खांबाच्या बाजूने बाहेर झुकली, सदरा वर धरला आणि ओरडली, "छोटे! बघ!"

"इथून दिसत नाहीये गं!" छोटीचा आवाज फाटला होता. "तू ओढ! तीनदा ओढ!"

ताईने ओढलं. एकदा. दोनदा. तीनदा.

"खाली ये आता ताई. बास झालं. ये खाली."

"खाली कशाला?" ताई म्हणाली. "कडा वर आहे." आणि मित्रांनो, हा आवाज मला ओळखीचा होता. दुकानातून मला उचलून नेणाऱ्या ताईचा आवाज!

वरचा झुकलेला भाग तिने कसा पार केला म्हणून सांगू! वरच्या बोल्टात मला अडकवलं, खट्. त्याच्याही वरच्या बोल्टात, खट्. डावा पाय आता जपून नाही, हवा तिथे पडत होता. एका ठिकाणी तर ती डाव्या टाचेवर अंग उचलून हसली, मी ऐकलं. शेवटची पकड दोन्ही हातांनी धरून ती वर पोचली, मला वरच्या साखळीत अडकवलं आणि अशी आरोळी ठोकली की कड्यातली सगळी पाखरं खरंच उडाली. खाली होडीवाले काका वल्ह्याने होडीवर दणादण ठोकत होते. "शाब्बास! शाब्बास माझ्या बहाद्दरा!"

आणि छोटी? भरती कधीच ओट्यावर चढली होती. पोरगी कमरेइतक्या पाण्यात उभी होती आणि मला दोन्ही मुठींत धरून होती. तिने जागचा पायसुद्धा हलवला नव्हता.

ताई खाली उतरली तशी छोटीने आधी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग गळ्यात पडून हमसाहमशी रडली. "मी विचारलं नाही. तुला राग येईल म्हणून विचारलं नाही."

"मीच तुझं तोंड बंद केलं ना, गाढवीने," ताई म्हणाली. तिच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "यापुढे मी कितीही डाफरले तरी विचारायचं. कळलं? हवं तर थोबाडीत मारून विचारायचं."

"मारीन," छोटी नाक पुसत म्हणाली. "आता मारू का?"

मग दोघी इतक्या हसल्या की काकांनी त्यांना धरून होडीत ओढलं.

त्यानंतर ताई कधी मागे राहिली नाही. किती कडे, किती बेटं, किती किनारे आम्ही पालथे घातले! पण माझंही वय होत होतं. एके दिवशी ताई मला बोटांमधून सरकवत तपासत होती, तीही डोळे मिटून, आणि माझ्या मधोमध तिला एक मऊ जागा लागली. ती बराच वेळ तिथेच बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "झालं रे बाबा तुझं काम." माझं फार वाईट वाटून घेऊ नका. तेव्हा मला राग आला, रडूही आलं, पण आता नाही. ती मऊ जागा कापून टाकली आणि उरलेला मी या चढाईच्या हॉलमध्ये आलो. आता माझ्या आधाराने कुणी वर चढत नाही. तुमच्यासारखी पोरं माझ्यावर आठाची गाठ शिकतात. दर शनिवारी माझी इतकी वाकडीतिकडी वेटोळी करतात की विचारू नका.

शिकवायला ताईच येते. शिकवून झालं की ती स्वतः छतापर्यंत चढून दाखवते. त्या नव्या दोरावर. गुलाबी आहे तो, आणि जरा शिष्टच आहे, पण जाऊ दे. तर मागच्या शनिवारी तिने त्या दोराची गाठ बांधली. सगळ्या पोरांचे डोळे तिच्यावर. चढायच्या आधी ती तुमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीसमोर गेली. ती पुढचे दात पडलेली, पहिल्यांदाच आलेली. ताई तिच्यापुढे गुडघ्यावर बसली आणि गाठ उचलून म्हणाली, "बघ गं, नीट आहे का?"

मुलगी लाजली. "मी? पण तुम्हाला तर सगळं येतं."

"म्हणूनच तू बघ," ताई म्हणाली.

मुलीने आपल्या इवल्याशा बोटांनी गाठ धरली. इकडून बघितली, तिकडून बघितली. एकदा ओढली, दोनदा ओढली, तीनदा ओढली. मग तिने मोठ्ठी मान डोलावली आणि ताईला म्हणाली, "नीघ."

तेव्हा मित्रांनो, दोरावर पाय देऊ नका, वाळूत लोळवू नका, ओला गुंडाळून ठेवू नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी विनंती ही: आपलं माणूस कितीही हुशार असो, कितीही रागावलेलं असो, जमीन सोडण्याआधी त्याला थांबवा आणि म्हणा, "दाखव." आणि तुम्हाला कुणी तसं म्हटलं, तर तोंड वाकडं न करता दाखवा.